ट्रॉम्बेचे उच्चदाब संशोधन : अणूंच्या जागांचा पाठपुरावा

संस्थेच्या इतिहासाची सुरुवात कोनशिलेपासून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील उच्चदाब संशोधनाच्या बाबतीत तो पाळता येत नाही. या गटाला ना कोनशिला होती, ना उद्घाटनाचा मुहूर्त. न्यूट्रॉनच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उकलणाऱ्या काही संशोधकांवर १९६७ च्या सुमारास एक वेगळीच जबाबदारी येऊन पडली. ती निभावता निभावता भारतात उच्चदाब भौतिकीची एक परंपरा उभी राहिली. पुढे तिला ‘हाय प्रेशर फिजिक्स डिव्हिजन’ असे नाव मिळाले आणि सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरण स्रोताचे काम जोडले गेल्यावर ते नाव आणखी लांबले.

वाशिमच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या साऱ्या तालुक्यांच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. विहीर खणताना माती आणि मुरूम संपला की पहार ज्यावर वाजते, तो हाच. रिसोडच्या पश्चिमेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलडाणा जिल्ह्यातले लोणार लागते. याच जातीच्या खडकावर अवकाशातून आलेला पाषाण तिथे आदळला आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांना कष्टाने गाठावा लागणारा दाब त्या खडकाने एका क्षणात सोसला. त्या दाबाच्या खुणा तिथल्या स्फटिकांत आजही वाचता येतात.

दाब दिल्यावर पदार्थ किती आक्रसतो, हे मोजणे हा या शास्त्राचा पहिला धडा. ट्रॉम्बेच्या मंडळींनी सुरुवातीपासून त्यापुढचा प्रश्न धरून ठेवला: आतले अणू आपली जागा सोडून कुठे जाऊन बसतात आणि कोणत्या वाटेने जातात? त्यांच्या सुमारे सहा दशकांच्या कामाचा धागा या प्रश्नातच सापडतो.

पार्श्वभूमी

ट्रॉम्बेचे अणुऊर्जा आस्थापन १९५४ मध्ये सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६० मध्ये ‘सायरस’. अणुभट्टीतून मिळणारे न्यूट्रॉन स्फटिकावर सोडले की ते ठरावीक कोनांत विखुरतात आणि त्या कोनांवरून अणूंच्या जागा काढता येतात. क्ष-किरणांनीही हे काम होते, पण हायड्रोजनसारखा हलका अणू त्यांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉनला तो स्पष्ट दिसतो. त्यामुळे अमिनो आम्लांतले हायड्रोजन बंध नेमके कसे वाकतात, कोणत्या अणूकडे किती झुकतात, असे प्रश्न ट्रॉम्बेत हाताळले जाऊ लागले.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डॉक्टरेट घेऊन डॉ. राजगोपाल चिदंबरम १९६२ मध्ये इथे दाखल झाले. डॉ. सतिंदरकुमार सिक्का हेही याच न्यूट्रॉन स्फटिकशास्त्राच्या तालमीत तयार झालेले. एका रेणूतल्या एकेका अणूची जागा पक्की होईपर्यंत विषय सोडायचा नाही, ही शिस्त त्या कामाने अंगी बाणवली. उच्चदाबाच्या क्षेत्रात जगभर अनेक गट भूगर्भशास्त्रातून किंवा अभियांत्रिकीतून आले. ट्रॉम्बेचा गट स्फटिकशास्त्रातून आला आणि त्याचा ठसा पुढच्या सगळ्या कामावर राहिला.

१९६७ ची जबाबदारी

आस्थापनाला होमी भाभांचे नाव मिळाले ते १९६७ हेच वर्ष. त्याच सुमारास तिथले वरिष्ठ भौतिकशास्त्रज्ञ डॉ. राजा रामण्णा यांनी चिदंबरम यांच्यावर प्लुटोनियमचे ‘अवस्थेचे समीकरण’ मांडण्याचे काम सोपवले. एखाद्या पदार्थावर अमुक दाब आणि अमुक तापमान असताना त्याची घनता किती असेल, हे सांगणारे नाते म्हणजे अवस्थेचे समीकरण. प्लुटोनियमच्या बाबतीत ही माहिती ज्या देशांकडे होती, त्यांनी ती कडीकुलपात ठेवली होती. शिवाय हा धातू मुलखाचा लहरी. साध्या वातावरणीय दाबाखाली नुसता तापवत नेला, तरी वितळण्यापूर्वी तो सहा वेगवेगळ्या स्फटिकरचनांतून जातो.

अर्थात हे काम अणुस्फोटाच्या तयारीचे होते. १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात १०७ मीटर खोलीवर पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोटक साधनाइतकाच भोवतालच्या खडकाचा प्रश्नही महत्त्वाचा होता. धक्क्याची लाट खडकातून जाताना कुठवर तो वितळतो, कुठवर चुरडतो, कुठवर त्याला नुसत्या भेगा पडतात आणि वरची जमीन किती उचलली जाते, याचे गणित करावे लागले. चिदंबरम, सिक्का आणि सतीश गुप्ता यांनी ते विवेचन १९८५ मध्ये ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मे १९९८ च्या चाचण्यांतही या गटाचा वाटा होता.

गटाचा जन्म संरक्षणाच्या गरजेतून झाला, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. मात्र हाती आलेले शास्त्र त्या गरजेपुरते ठेवायचे नाही, असे मंडळींनी ठरवले आणि ते खुल्या नियतकालिकांत, जगाच्या टीकेला सामोरे जात वाढवले.

साधने

उच्चदाब शास्त्राचे आद्य पुरुष म्हणजे अमेरिकेतील पर्सी ब्रिजमन. त्यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अतिकठीण मिश्रधातूंच्या दोन ऐरणी समोरासमोर ठेवून मध्ये नमुना दाबायचा, ही त्यांची पद्धत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत धातूच्या जागी हिरे आले आणि या क्षेत्राचे रूप पालटले. हिरा सर्वांत कठीण तर आहेच, पण त्याहून मोलाचा गुण म्हणजे तो पारदर्शक आहे. दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण त्याच्यातून आरपार जातात, त्यामुळे दाब चालू असतानाच नमुना पाहता येतो.

ट्रॉम्बेतही दोन्ही प्रकारच्या ऐरणी वापरात आल्या. हिऱ्याच्या ऐरणीत नमुना भरणे हे सबुरीचे काम आहे. पैलू पाडलेल्या दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट केलेली असतात आणि तो सपाट भाग अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. दोन टोकांच्या मध्ये पोलादाची पातळ चकती बसवतात. चकतीवर आधी हिऱ्यांचा ठसा उमटवून घ्यायचा, मग ठशाच्या बरोबर मध्यावर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढे भोक पाडायचे. त्या भोकात नमुन्याचा कण, माणकाचा एक बारीक कपचा आणि चार भाग मिथेनॉल व एक भाग इथेनॉल यांचे मिश्रण भरायचे. हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या अग्राने. मिश्रण घालण्याचे कारण असे की द्रव सर्व बाजूंनी सारखा दाब देतो. मात्र सुमारे १० गिगापास्कलनंतर तेही काचेसारखे घट्ट होते आणि मग दाब सगळीकडे सारखा राहत नाही.

स्क्रू आवळत गेले की दाब चढतो. तो किती चढला, हे माणिक सांगते. लेसरचा प्रकाश पडला की माणिक लाल रंगाने चमकते आणि दाब वाढेल तशी त्या लाल रेषेची तरंगलांबी दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटरने सरकते. ही युक्ती १९७२ मध्ये पुढे आली आणि तिने दाब मोजण्याची डोकेदुखी एकदम कमी केली. १ गिगापास्कल म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट. पृथ्वीच्या केंद्राशी असा दाब सुमारे ३६० गिगापास्कल असतो.

दुसरे साधन क्षणिक दाबाचे. वायूच्या जोरावर लांब नळीतून चकती किंवा गोळा डागायचा आणि समोरच्या नमुन्यावर आदळवायचा. ही गॅस गन. ऐरणीतला दाब तासन्‌तास टिकतो, तर इथला दाब सेकंदाच्या दशलक्षांश भागात येतो आणि ओसरतो. शिवाय धक्क्याबरोबर तापमानही चढते. ट्रॉम्बेत दोन्ही प्रकारची साधने एकाच छताखाली नांदली, त्यामुळे सावकाश दाबलेला धातू आणि धक्का दिलेला धातू यांची तुलना करता आली.

ओमेगाचा अध्याय

गटाला जगात ओळख मिळाली ती टायटॅनियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियम या धातूंच्या ‘ओमेगा’ रूपावरच्या कामाने. भारतीय अणुवीज कार्यक्रमाला झिर्कोनियम जवळचा. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत इंधनाची आवरणे आणि दाबनलिका याच धातूच्या मिश्रधातूंच्या असतात. सामान्य स्थितीत त्याचे अणू षट्‌कोनी, दाटीवाटीच्या अल्फा रचनेत असतात. दाब वाढवला की काही गिगापास्कलला तो ओमेगा रूप घेतो. गंमत अशी की ओमेगा हे रूपही षट्‌कोनीच आहे, पण त्यात अणूंची दाटी कमी सुबक असते, तरीही त्याची घनता अधिक भरते. आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दाब काढून घेतल्यावरही ओमेगा तसाच टिकून राहू शकतो. मिश्रधातूत हे रूप शिरले की धातू ठिसूळ होतो, म्हणून अभियंत्यांनाही त्याची दखल घ्यावी लागते.

हे रूप घडते कसे? बीटा म्हणजे काय-केंद्रित घन रचनेतून ओमेगा होताना अणूंचे थर कसे हलतात, ते समजून घेणे सोपे आहे. पंगतीत तीन ओळी बसल्या आहेत अशी कल्पना करा. पहिली ओळ जागची हलत नाही आणि उरलेल्या दोन ओळी एकमेकींकडे सरकून एकाच रेषेत येतात. बीटा स्फटिकात दर तीन थरांमागे नेमके हेच घडते. एकही अणू लांब जात नाही, तरी रचना पार बदलते.

गटातल्या योगेश वोहरा यांनी १९७९ मध्ये ओमेगाच्या स्थैर्याचे कारण इलेक्ट्रॉनांत शोधले. दाबाखाली बाहेरच्या ‘एस’ कक्षेतले इलेक्ट्रॉन ‘डी’ कक्षेत सरकतात. आवर्तसारणीत झिर्कोनियमच्या उजवीकडे नायोबियम आहे. त्याच्याकडे डी-इलेक्ट्रॉन अधिक आणि त्याची रचना साधी, काय-केंद्रित घन. म्हणजे पुरेसा दाब दिला, तर झिर्कोनियमही शेजाऱ्याच्या वळणावर जायला हवे. सिक्का, वोहरा आणि चिदंबरम यांनी १९८२ मध्ये ‘प्रोग्रेस इन मटेरियल्स सायन्स’ या नियतकालिकात ओमेगा रूपावर सविस्तर आढावा लिहिला. १९९० मध्ये वोहरा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना तिथल्या सहकाऱ्यांसह त्यांनी सुमारे ३० गिगापास्कलला झिर्कोनियमची ती घन रचना प्रत्यक्ष पाहिली.

सिद्धान्ताची बाजूही याच काळात भक्कम झाली. बी. के. गोडवाल, सिक्का आणि चिदंबरम यांनी १९८३ मध्ये ‘फिजिक्स रिपोर्ट्स’मध्ये सुमारे १० टेरापास्कलपर्यंतच्या, म्हणजे १० कोटी वातावरणांच्या दाबापर्यंतच्या अवस्था-समीकरणांचा परामर्श घेतला. १९९१ मध्ये उच्चदाब शास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळुरूला भरली, तेव्हा भारतातल्या या कामाची जगाने घेतलेली दखल उघड झाली. चिदंबरम यांनी पुढे केंद्राचे संचालकपद, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आणि केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागारपद भूषवले. ४ जानेवारी २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

सूक्ष्मरचनेकडे

स्फटिकरचना म्हणजे अणूंची मांडणी. सूक्ष्मरचना त्याच्या वरच्या पातळीवरची: धातूतले कण केवढे आहेत, कोणत्या दिशेने वळले आहेत, नवे रूप जुन्यात सुईसारखे वाढले की पट्टीसारखे. क्ष-किरण पहिला प्रश्न सोडवतात. दुसऱ्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा आणि त्याला धातुशास्त्रज्ञांची साथ हवी. ट्रॉम्बेत ती साथ हाकेच्या अंतरावर होती.

झिर्कोनियममध्ये २० टक्के नायोबियम असलेल्या मिश्रधातूला धक्का दिल्यावर त्यात ओमेगा कसे उमटते, यावर जी. के. डे, आर. तिवारी, श्रीकुमार बॅनर्जी हे धातुशास्त्रज्ञ आणि गुप्ता, जोशी, सिक्का ही उच्चदाबाची मंडळी यांनी मिळून केलेले काम २००४ मध्ये ‘अ‍ॅक्टा मटेरियालिया’त आले. धक्क्याचा क्षण निघून गेलेला असतो. हाती उरतो तो धातूचा तुकडा. त्याचा पातळ पापुद्रा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत काय घडले, ते मागाहून वाचता येते. पोलीस पंचनाम्याच्या पद्धतीचेच हे शास्त्र म्हणायचे.

त्याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा म्हणजे के. के. पांडे यांनी व्हॅलेरी लेविटास यांच्यासह २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले काम. यात ऐरणीचा एक हिरा दाब कायम ठेवून फिरवता येतो, म्हणजे नमुना दाबला जातो आणि पिळलाही जातो. शुद्ध झिर्कोनियम अशा रीतीने रगडला, तर ओमेगा अवघ्या १.२ गिगापास्कलला सुरू होतो. चहूकडून सारखा दाब देऊन तो मिळवायला याच्या साडेचार पट दाब लागतो. दाब किती, याइतकेच तो कसा दिला, यालाही महत्त्व असते, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले.

लोणारचा दाखला

१९८४ मध्ये परदेशात बर्फ थंड अवस्थेत दाबल्यावर न वितळताच त्याची स्फटिकी मांडणी मोडल्याचे आढळले आणि एक नवा विषय खुला झाला. दाबाखाली स्फटिकाचे अस्फटिकी होणे, असा तो विषय. सुरिंदर शर्मा आणि सिक्का यांनी त्यावर १९९६ मध्ये लिहिलेला आढावा गटाच्या नामांकित लेखनात मोडतो. दाब वाढतो, अणूंना नव्या दाट रचनेत जायचे असते, पण थंडीमुळे किंवा वाट अडल्यामुळे पोचता येत नाही, आणि ते अर्ध्या रस्त्यात अस्ताव्यस्त अडकतात, अशी त्यामागची कारणमीमांसा.

वाशिमकरांना याचा नमुना पाहायला दूर जावे लागत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवले. ते ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद पुढे दीडशे वर्षे चालला. १९७३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे व बालसुंदरम आणि अमेरिकेचे फ्रेड्रिक्सन व मिल्टन यांनी तळाखाली वेधन करून काढलेल्या नमुन्यांवरून ‘सायन्स’ नियतकालिकात आघाताचा निर्वाळा दिला. पुरावा होता मास्केलिनाइट नावाच्या पदार्थाचा. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तोही भारतात पडलेल्या उल्केत, बिहारमधील शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या दगडात.

बेसाल्टचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवकांच्या मध्ये ठेवला, तर त्यातील फेल्डस्पारच्या लांबट कांड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उठून दिसतात. काप फिरवला की पट्ट्या आलटून पालटून उजळतात. लोणारच्या धक्का बसलेल्या खडकात कांड्यांची आकृती तशीच असते, कडा शाबूत असतात, पण काप कितीही फिरवा, त्या काळ्याच राहतात. बाहेरचा आकार स्फटिकाचा, आतली मांडणी काचेची; हेच मास्केलिनाइट. १९७६ मध्ये किफर आणि सहकाऱ्यांनी या खडकांची प्रतवारी लावली आणि तोडीस तोड म्हणून प्रयोगशाळेतही बेसाल्टला धक्के देऊन पाहिले. मास्केलिनाइट सुमारे २० ते ४० गिगापास्कलला होते. ८० च्या पुढे अख्खा खडकच वितळतो. ट्रॉम्बेच्या गॅस गनमागचे भौतिकशास्त्र आणि लोणारच्या विवरामागचे भौतिकशास्त्र एकच आहे.

इंदूरची जोड आणि पुढची पिढी

ऐरणीतला नमुना मिलिमीटरच्या दशांशाएवढा. प्रयोगशाळेतल्या साध्या क्ष-किरण यंत्राला त्यातून वाचण्याजोगा आलेख काढायला फार वेळ लागतो. म्हणून गटाने इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर स्वतःची किरणवाहिनी उभारली. क्रमांक ११ ची ही वाहिनी अतिटोकाच्या परिस्थितीतील विवर्तनासाठी आहे. तिच्या उभारणीचा वृत्तान्त २०१३ मध्ये ‘प्रमाण’मध्ये प्रसिद्ध झाला. सिंक्रोट्रॉनचा प्रखर किरण केसाएवढा बारीक करता येतो आणि दाबाच्या प्रत्येक पायरीला आलेख घेता येतो. चिदंबरम-सिक्कांच्या पिढीने अणुभट्टीच्या न्यूट्रॉनपासून सुरुवात केली, त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांनी इंदूरच्या प्रकाशापर्यंत वाट आणली.

माणसे घडवण्याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहे. ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. भौतिकी, रसायन, भूगर्भशास्त्राचे एम.एस्सी. आणि अभियांत्रिकीचे पदवीधर परीक्षा व मुलाखतीतून तिथे निवडले जातात, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते आणि उत्तीर्ण झाल्यावर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते. विद्यापीठांतल्या संशोधकांना विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेमार्फत अणुऊर्जा विभागाच्या मोठ्या सुविधांवर प्रस्ताव देऊन काम करता येते. तिचे मुख्यालय इंदूरला आहे आणि वाशिमहून इंदूर मुंबईपेक्षा जवळ पडते.

लोणारचा परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे तिथला दगड उचलून आणता येत नाही. परवानगीने आणि शिस्तीने नमुने घ्यावे लागतात. पण धक्का न सोसलेला, मूळचा बेसाल्ट तुलनेसाठी लागतोच, आणि तो आपल्याकडच्या प्रत्येक गिट्टीच्या खदानीत पडलेला आहे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील एखाद्या भूगर्भशास्त्राच्या किंवा भौतिकीच्या विद्यार्थ्याने तो टप्प्याटप्प्याने दाबून, कोणत्या दाबाला फेल्डस्पारची मांडणी ढळू लागते आणि त्यातलेच पायरॉक्सिन हे खनिज कुठवर तग धरते, हे किरणवाहिनीवर तपासायचे ठरवले, तर त्यासाठी लागणारी सामग्री देशात आहे, पद्धत घडलेली आहे आणि ती शिकवणारी माणसेही आहेत. ट्रॉम्बेच्या गटाने सहा दशकांत कमावलेले भांडवल हेच, आणि ते वापरण्याची मुभा वाशिमच्या विद्यार्थ्यालाही तितकीच आहे.